दोन्ही डोळे उघडे असलेला शिपाई

रोहा,
१३ मार्च १९९८

प्रिय सुलेमान,

तुझं पत्र अनीसाने दिलं. बाजारात भेटली. पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीखालून तिने ते काढलं, त्यामुळे तुझ्या व्हिसाच्या बातमीला अजून कोथिंबिरीचा वास आहे. म्हणाली, "मोरू, या खेपेला तरी उत्तर लिही रे. भाई तेवीस तारखेला चाललाय." मी लिहितो म्हटलं. ती म्हणाली, "तू तीन वर्षं लिहितोच हायस." तुझ्या बहिणीची जीभ रोह्याला येऊनही काही मऊ झालेली नाही. तिचा नवरा भला माणूस दिसतो, ऐकून घेतो.

तर तू मस्कतला जाणार. एसीचं काम शिकलास त्याचं सार्थक झालं. तुझे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, होते त्याच शहरात, हेही बरंच. आणि पहिल्या सुट्टीच्या शुक्रवारी तू चाचांच्या जुन्या लेबर कॅम्पात जाणार, त्यांच्याबरोबर राहिलेलं कुणी सापडतं का बघणार, त्यांचा तो खेळण्यातला शिपाई कुणाकडे आहे ते विचारणार, असं तू लिहिलं आहेस. ते वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि दोन दिवस काढलंच नाही. त्यावर येतो. आधी इकडचं सांगतो, नाहीतर ते राहून जाईल.

मी सध्या धाटावच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडे आहे. त्याच्याआधी कंपनीत होतो, पण शिफ्ट बदलली की झोप बदलत नाही माझी, म्हणून सोडली. त्याच्याआधी वडखळला ट्रकांवर नंबर रंगवायचो. ते बरं होतं, पण ट्रक उभा असतो तोवरच काम, आणि ट्रक निघाला की मलाही त्याच्याबरोबर जावंसं वाटायचं. दोनदा गेलोही. इथे मी प्लास्टिक निवडतो. कडक वेगळं, मऊ वेगळं. डोळ्यांनी कळत नाही, नखाने दाबून बघायचं, तरी नाही कळलं तर फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. गेल्या महिन्यात एका पोत्यातून एक पाय निघाला. हिरवा, गुडघ्यापर्यंत, बुटासकट. मी तो हातात धरून बसलो तर आमचा मालक पोपटशेठ म्हणाला, "पाय गावला म्हणून आता बाकीचा माणूस हुडकत बसू नको, गाडी भरायची हाय." पण मी बूट नीट बघितला. आपल्यातला नव्हता. आपल्या शिपायांच्या बुटांना बाजूला बकल होतं.

तुला त्यांचं किती आठवतं मला माहीत नाही. मला सगळं आठवतं, आणि शाळेतलं काहीच नाही, यावरून माझं शिक्षण का थांबलं ते कळेल. आपण पाचवीत होतो. चाचा दोन वर्षांनी सुट्टीवर आले होते आणि तू शाळेत सांगितलंस की अब्बांनी पलटण आणली आहे. मला वाटलं पेनाच्या टोपणात मावतात तसली बारकी माणसं असतील, जत्रेत पिशवीभर मिळतात ती. तू खोका उघडलास तेव्हा मी आधी हात मागे घेतला. वीत आणि वर चार बोटं, एवढा एक-एक. पाच होते. बिगुलवाला, दुर्बीणवाला, पाठीवर रेडिओ घेतलेला, नुसताच चालणारा, आणि एक गुडघा टेकून नेम धरलेला. आतून पोकळ. पोटावर अंगठा दाबला की आत जायचं आणि सोडलं की टक् करून बाहेर. वास असा की आपण दोघांनी सबंध दुपार त्यांची डोकी हुंगण्यात घालवली. अनीसा म्हणाली होती, दोघं कुत्र्यासारखे काय करताय.

मी मात्र त्यांचा जोड बघत होतो. आमच्या हमरापूरच्या कारखान्यात गणपती साच्यातून निघाला की दोन्ही बाजूंना जिथे साचा जुळतो तिथे एक रेघ उठलेली असते. बाबा ती सगळ्यात आधी चाकूने खरवडतात. शिपायांना ती रेघ डोक्यापासून बुटापर्यंत तशीच होती. परदेशातल्या कारखान्यात एवढंही करायला माणूस नाही याचं मला वाईट वाटलं. मी तुझ्या परवानगीने पाचही जणांची रेघ घासून काढली, तीन दिवस लागले. दुसरी गोष्ट, त्यांना डोळे नव्हते. नाकाच्या दोन्ही बाजूंना नुसता उंचवटा, सगळं एकच हिरवं. तू म्हणालास, तुझ्या बाबांना सांग ना, डोळे काढून देतील.

त्या दिवसांत बाबांची बोटीने परदेशी जाणाऱ्या गणपतींच्या डोळ्यांची आखणी चालू होती. डोळे काढायचं काम बाबा कुणाच्या हातात देत नसत, आणि ते चालू असताना कारखान्यात कुणी बोलत नसे. तू आणि चाचा शिपाई घेऊन आलात तेव्हा मला वाटलं बाबा हाकलतील. चाचा दारातच बाबांना म्हणाले, "दाजी, माझी आंधळी पलटण आणलीय, हिला बघायला लावा." बाबा हसले. एवढ्या वर्षांत आखणीच्या वेळी ते हसलेले मी तेव्हाच पाहिले. देखाव्यातले मावळे त्यांना येत होते, म्हणून त्यांनी चार शिपायांना मावळ्यांचे डोळे काढले. वर मिशाही दिल्या. पाचवा उरला तेव्हा त्यांनी कुंचला माझ्यापुढे धरला. म्हणाले, "काढ. प्लास्टिकच हाय."

मी काढले. मला एकच तऱ्हा ठाऊक होती, लहानपणापासून समोर बघत आलो ती. लांब, शांत, खालच्या कडेला जरा जड. अगदी नीट जमले. श्वास धरून काढले होते. मग तू तो हातात घेतलास आणि हसायला लागलास, कारण तो गुडघा टेकून नेम धरलेला होता आणि नेम धरणारा माणूस एक डोळा मिटतो हे मला सुचलंच नव्हतं. "हा बंदूक मारणार की प्रसाद वाटणार?" असं तू म्हणालास. कारखान्यातले सगळे हसले. बाबाही. तू म्हणालास, एक डोळा पुसून द्या. बाबांनी मान हलवली. "एकदा काढला डोळा की पुसायचा नाय. मग गणपती असू दे नायतर कोण असू दे." तू रडायच्या बेतात आलास तेव्हा चाचांनी तो शिपाई घेऊन उन्हाकडे धरला. बराच वेळ बघितला. म्हणाले, "राहू दे रे. सुट्टीवर आलाय तो. सुट्टीत कोण नेम धरतो?"

पण तू त्याला सोडलं नाहीस. तुमच्या ओट्यावर लढाई झाली की पहिला तोच मरायचा. मला आठवतं, तू त्याला नुसता मारायचा नाहीस, पालथा मारायचास, डोळे खाली. मी बोलायला हवं होतं की नाही कोण जाणे. दहा वर्षांची पोरं, तुझा खेळ, तुझा शिपाई.

इथे मध्येच सांगतो, आता आमची आखणी मालू करते. बाबांचा हात थरथरतो. माझी धाकटी बहीण डोळे काढते म्हणून सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, आता तिच्याच नावाने मागतात. मागे मी घरी गेलो होतो तेव्हा तिने मला कुंचला दिला होता. मी तो धुऊन पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि बाहेर आलो. मी आयुष्यात डोळ्यांची एकच जोडी काढली आहे, सुलेमान. का ते बाबांनी कधी विचारलं नाही.

चाचा परत निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्या ओट्यावरून तो शिपाई उचलला. तो पालथा पडलेला होता आणि तू आत जेवत होतास. ठरवून केलं नाही. दप्तरात घातला आणि हमरापूरला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी यायची होती. मी शाळेआधी परत ठेवायच्या विचाराने आलो, तर तुमच्या दारात अख्खा मोहल्ला. तू अब्बा चालले म्हणून रडत नव्हतास, शिपाई हरवला म्हणून रडत होतास. रहिमाचाची म्हणत होत्या, बाप चाललाय आणि याला बाहुलीची पडलीय. मी कडेला उभा होतो. चाचा सगळ्यांचा निरोप घेत माझ्यापर्यंत आले, माझ्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि हात दप्तरावर थांबला. बंदुकीची नळी फटीतून बाहेर आली होती.

त्यांनी ती एका बोटाने आत ढकलली. दप्तराचा पट्टा ओढून बकल लावलं, आपल्या मुलाच्या दप्तराचं लावावं तसं. मग मागे वळून तुला म्हणाले, "अरे रडतोस काय. मी घेतलाय तो, बॅगेत हाय. तिथं एकटा कंटाळतो मी. पुढल्या सुट्टीला आणतो परत." तू लगेच गप्प झालास. खूशच झालास. टॅक्सीत बसायच्या आधी ते माझ्या कानाशी वाकले. "पुढल्या सुट्टीला मी आणणार, म्हणजे तू आणायचास. समजलं?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर मी तो तिथेच काढून दिला असता. त्यांनी तसं बघितलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांच्या पत्रात शेवटी शिपायाचा सलाम असायचा. तू शाळेत वाचून दाखवायचास, शिपाई आज समुद्रावर गेला, शिपायाला उन्हाने टोपी हवी. मी ऐकायचो. ते मला लिहीत होते असंही मला वाटायचं, पण मी सांगणार कुणाला. मग पुढच्या वर्षी जूनमध्ये छातीत कळ आल्याची बातमी आली, आणि तिथेच दफन झाल्याची. महिन्याने पेटी आली. तू सगळ्यांसमोर तिच्यातले कपडे एक-एक करून बाहेर काढलेस, तळाचा कागदही उचलून बघितलास. शिपाई नव्हता. मी दाराला टेकून उभा होतो. चाचींनी तुला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या कुणा दोस्तानं ठेवून घेतला असंल, बाळा. आठवण म्हणून." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण शिपाई माझ्याकडे आहे म्हटलं असतं तर तुझे अब्बा खोटं बोलले होते हेही म्हणावं लागलं असतं, आणि मेलेल्या माणसाला खोटं ठरवायचं ते माझ्या चोरीसाठी. मी घरी गेलो. आठवीत शाळा सोडली. बाकी भटकंती तू जाणतोसच, तू नेहमी म्हणतोस याच्या पायाला चक्र आहे. तसं काही नाही. तुमच्या दारावरून जायचं टाळायला मला जरा लांबचे रस्ते लागतात, इतकंच.

गेल्या पाच वर्षांत तीनदा मी तो घेऊन रोह्याहून गाडीत बसलो. तीनही वेळा कासूला उतरलो. एकदा बोरं खाल्ली, एकदा एका म्हाताऱ्याच्या म्हशी शोधायला मदत केली, एकदा नुसताच फलाटावर बसून परतीच्या गाडीची वाट बघितली. तुमचं पेण तिथून पुढचं स्टेशन.

आता तू लिहितोस की तू तो दोस्त शोधणार. सुट्टीचे शुक्रवार त्याच्यात घालवणार. तू हट्टी आहेस, तू दहा वर्षं शोधशील, कॅम्पातल्या अनोळखी म्हाताऱ्यांना विचारत फिरशील, आणि मी इथे प्लास्टिक निवडत बसेन, हे मला जमणार नाही. म्हणून लिहितोय. तो दोस्त मस्कतला नाही. अनीसा रविवारी माहेरी येतेय, तिच्याबरोबर पार्सल दिलंय. गणपती बांधतात तसं पेंढ्यात बांधलंय, डोळ्यांवर कागद लावलाय, तो तूच काढ. डाव्या डोळ्याचा रंग बराच गेलाय, त्यामुळे आता तो जवळजवळ तुझ्या मनासारखा नेम धरतो. पुसायचा नाही असं बाबा म्हणाले होते, परत काढायचा का यावर काही बोलले नव्हते, म्हणून मी हात लावला नाही. मला माफ कर किंवा नको करूस, ते तुझं तू बघ. एकच मागतो. तेवीस तारखेला निघताना त्याला तुझ्या बॅगेत ठेव आणि पहिल्या शुक्रवारी कब्रस्तानात घेऊन जा. चाचांनी तुला सांगितलं होतं तो आपल्याबरोबर आहे म्हणून. तेवढं त्यांचं खरं होऊ दे.

तुझाच, ज्याने आणून द्यायला तेरा वर्षं लावली,
मोरू