किल्ली उद्या घे

प्रिय चिमणे,

तुझी जागा पाहून आले. दोन खिडक्या, एक नळ आणि आधीच्या शिंप्याने फरशीच्या फटीत सोडलेल्या टाचण्या. तिथे तू लोकांच्या कवळ्या घडवणार. माझे उरलेसुरले दात त्याच भरवशावर सैल होत चाललेत.

जावईबापूंनी मला वर्तमानपत्राचं कात्रण आणून दिलं: गर्भनिरोधक गोळ्यांतल्या हार्मोन्समुळे बायकांचे पैशाचे निर्णय बदलतात का? उत्तरपत्रिका तपासावी तसं दोनदा वाचलं. कुणा संशोधकाला धाडस कमी झालेलं दिसलं, कुणाला फरकच दिसला नाही, खात्रीने कुणीच बोलत नाही. यावरून आपल्या पंडित जावईबापूंनी काढलं काय, तर पगाराची नोकरी सोडायचं तुझं खूळ गोळ्यांचं! म्हणजे धाडस कमी करणाऱ्या गोळीने तुला धाडसी केलं. याला आमच्या संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात. तुमच्या मराठीत, कावळा बसायला नि फांदी तुटायला. तुझ्या बापाने रक्तदाबाच्या गोळ्या गिळत तीन स्कूटर बदलल्या. दादाची मती कुणी तपासली नाही हो.

पण काल फोनवर तूच विचारलंस, आत्या, हे मी ठरवतेय की गोळी? तेव्हा मात्र थकले गं. इतकी वर्षं शिकवून बाईला स्वतःच्या डोक्याची साक्ष दुसऱ्याकडून लागते? लग्नाआधी, गोळीचं नावही नव्हतं तेव्हा, माझ्या स्वयंपाकघरात मेण वितळवून तू माझ्या दाढेचा साचा केला होतास. पातेलं अजून चिकट आहे. तेव्हाही स्वतःच्या जागेचंच बोलत होतीस.

गोळी मानवत नसेल तर डॉक्टरीणबाईंना विचार. जागेचं त्यांना विचारू नकोस. ‘सहा महिने गोळ्या सोडून बघ, मन ताळ्यावर येईल,’ हा जावईबापूंचा तोडगा. सहा महिन्यांत मन ताळ्यावर येतं की पाळणा हलतो, हे कळायला व्याकरण लागत नाही. आणि जागा तोवर थांबत नाही.

हे पत्र त्यांच्याच विनंतीवरून लिहितेय. ‘तुमचं ऐकते ती, थांब म्हणून लिहा.’ बाहेरच्या खोलीत बसलेत, पाकीट न्यायला. माणूस वाईट नाही, घाबरलाय. तुझ्या कवळ्यांच्या भट्टीशेजारी त्याच्यासाठी एक स्टूल ठेव. किल्ली उद्या घे. पाकीट चिकटवत नाही. वाटेत त्यांनी वाचावं, म्हणून.

तुझीच,
सैल दातांची आत्या