पाच सेन्सर पोहोचले

प्रिय तोरमोड भावोजी यांस,

गुनवोर वहिनीचा नमस्कार. इकडे मी, मांजर आणि गाडी तिघंही बरी आहोत. गुडघा तेवढा एकटा माझाच दुखतो. तुमच्या रक्तदाबाचं काय? डॉक्टरांनी खारवलेलं मटण बंद करायला सांगितलं होतं, ते बंद केलंत की डॉक्टरांकडे जाणंच बंद केलंत? (तुमच्या भावानं दुसरा मार्ग धरला होता, म्हणून विचारते.) तुमचं पार्सल मिळालं. आत पाच सेन्सर आणि वर तुमच्या अक्षरात, ‘सगळे एकदम बदला. उत्तराची तसदी नको.’ भावोजी, बर्गनहून इतक्या प्रेमानं आलेल्या वस्तूला उत्तर द्यायचं नाही, इतकी काही मी म्हातारी झालेली नाही.

गाडीची तक्रार शेतिलनं तुम्हाला फोनवर सांगितलीच असेल. पण माझा मुलगा गाडीबद्दल बोलतो तेव्हा खरं तर आईबद्दल बोलत असतो, म्हणून मीच सांगते. तुमच्या भावाची, आर्नफिनची ही स्टेशन वॅगन गार असताना शहाण्यासारखी सुरू होते. तापलेली असताना बंद केली, की पुन्हा गार होईपर्यंत ढिम्म. आता घर आणि धक्क्याच्या मध्ये अख्खा घाट, म्हणजे ती तापणार. फेरीबोटीवर चढलं की इंजिन बंद करायचा नियम. आणि पलीकडे पोचेस्तोवर ती गार व्हावी, एवढी काही आपली खाडी रुंद नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी रांगेत सगळ्यात पुढे होते आणि माझ्या मागे बोरघिल्डची मिनीबस, तिच्यात चर्चचं अख्खं गायनमंडळ. त्यांना पलीकडे बिशपसाहेबांसमोर गायचं होतं. शेजारच्या रांगा उतरून गेल्या, आमची तशीच. बोटीला वेळापत्रक असतं, दयामाया नसते. ती आम्हाला घेऊनच परत फिरली. अलीकडच्या धक्क्याला गाडी गार होऊन तयार, पण तोंड पलीकडे आणि जायचंही सगळ्यांना पलीकडेच. म्हणजे पुन्हा खाडी. एका जागी बसून मी तीनदा खाडी ओलांडली आणि भीतीच्या भरात लोणी-साखर लावलेले तीन स्वेले पॅनकेक खाल्ले. (बोटीवर आता ते पातळ करायला लागलेत. तुम्ही आलात की बघालच.)

बिशपसाहेब वाट पाहून गेले असतील, असं म्हणत मंडळानं तिथेच, गाड्यांच्या मध्ये उभं राहून सराव सुरू केला. मी काचा अर्ध्या वर करून, तोंड लपवून बसले होते, पण ते गाणं लहानपणापासून तोंडात बसलेलं. थोड्या वेळानं बोरघिल्डनं काचेवर टकटक केली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ती म्हणाली, “खालच्या सुरात गुणगुणत होतीस ती तूच ना गं? गुरुवारी पलीकडे सरावाला ये. आमच्याकडे त्या सुराला कुणी नाही.”

भावोजी, आर्नफिन गेल्यावर दोन हिवाळे माझ्या दाराची कडी वाजली नव्हती. दुःखात माणसाला त्रास देऊ नये, ही आपली रीत, आणि सगळ्यांनी ती इतकी मनापासून पाळली की मी मांजराला बातम्या वाचून दाखवायला लागले होते. त्या दिवसानंतर मात्र दर गुरुवारी बोटीवर हाच सोहळा. गाडी अडते, यूस्टाइन (बोटीवरचा तो लाल दाढीचा) हातमोजे चढवतो आणि ओरडतो, “चला, गुनवोरआजींना पोचवू या.” मग लोक आपापल्या गाडीतून उतरतात आणि मला ढकलत ढकलत धक्क्यावर आणून सोडतात. ढकलताना एकमेकांशी बोलतातसुद्धा. या लोकांचे उपकार मी कुठे फेडू?

शेतिलला ही गंमत पटली नाही. तो म्हणाला, “आई, ईस्टरला मी येतो आणि तुझ्या शेजारी बसतो. पलीकडे पहिल्या चावीला गाडी सुरू झाली तर तू आणि गाडी इथेच. नाही झाली तर किल्ली माझ्याकडे, आणि तू ऑस्लोला.” ऑस्लोला म्हणजे त्याच्या फ्लॅटच्या त्या खोलीत, जिथून दुसऱ्या फ्लॅटची खोली दिसते. मला रात्रभर झोप नाही. गॅरेजवाला ओडगेयर म्हणाला, “बाकीचे सेन्सर म्हातारे झालेत, पण खोटं बोलत नाहीत. क्रँकचा तेवढा एक बदला, तापल्यावर तोच दगा देतो. चालतंय त्याला हात लावू नये.” तुमचं म्हणणं, सगळे एकदम. आता गॅरेजवाला रोज भेटतो, पण दीर एकच आहे, म्हणून मी पाचही बसवायला सांगितले. झालं! हिंव भरल्यासारखी गाडी थडथडायला लागली. ओडगेयरनं डोकं आत घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला की आर्नफिननं कधीतरी गुपचूप दुसऱ्या सालचं इंजिन बसवलंय, नवे सेन्सर दुसऱ्याच गाडीचे समजून बोलताहेत. (तुमच्या भावानं मला तेव्हा सांगितलं होतं की नुसता रंग दिला.) शेवटी चार जुने परत घालायचे आणि तुमचा क्रँकचा एकच नवा ठेवायचा (तो दोन्ही इंजिनांना चालतो), असं ठरलं. त्यामुळे तुम्हीही खरे आणि तोही खरा.

ईस्टरला बोचरा पाऊस होता. शेतिल शेजारी हाताची घडी घालून बसलेला. बोट धक्क्याला लागली. मी आर्नफिनचं नाव घेतलं आणि चावी फिरवली, आणि काय सांगू, पहिल्या चावीला! पण बोटीच्या घरघरीत ते मागे कुणाला ऐकूच गेलं नाही. गाडी हलतेय एवढं मला कळलं; वाटलं, किती हलकी पळतेय. शेतिलनं मागे वळून पाहिलं. यूस्टाइन, बोरघिल्ड, अर्धं गायनमंडळ आणि मासळीच्या ट्रकचा ड्रायव्हर, सगळे पावसात मान खाली घालून चालू गाडी ढकलत होते. धक्क्यावर आल्यावर यूस्टाइननं बंपरवर थाप मारली आणि बोटीवर परत गेला. शेतिल बराच वेळ काचेतून मागेच बघत राहिला. मग नाक पुसत म्हणाला, “आई, तू इथेच राहा.” किल्लीचं नाव नाही, ऑस्लोचं नाही. भावोजी, हे सगळं तुमच्या पार्सलामुळे घडलं. तुमचे आभार मानायला शब्द कमी पडतात, म्हणून मोजे विणून सोबत पाठवते आहे.

प्रकृतीला जपा. मांजराचा नमस्कार.

तुमची
गुनवोर वहिनी

ता. क. वरचं लिहून पाकीट बंद करणार, तोच ओडगेयरचा फोन आला. जुने परत घालताना चुकून त्यानं पाचही जुनेच घातले. तुमचा नवा त्याच्या बाकावर तसाच पडलाय. त्या दिवशी थंडीनं इंजिन तापलंच नव्हतं, म्हणून सुरू झालं. तेव्हा वरचे आभार तूर्त राखून ठेवा, पण मोजे वापरा. शेतिलजवळ बोलू नका.

आणखी एक. ओडगेयर तो बसवायला तयार आहे, मीच थांब म्हटलंय. तुम्ही येऊन बसवा. अंत्यविधीनंतर तुम्ही आला नाहीत. वहिनीला त्रास नको म्हणून, हे मला कळतं. पण तो त्रास मी दोन हिवाळे भोगला आहे, आता पुरे. गायनमंडळात पुरुषांच्या खर्जाला अजून कुणीच नाही. गुरुवारच्या बसनं पलीकडच्या धक्क्यावर उतरा, मी गाडी घेऊन न्यायला येते. बोट लागल्यावर मला उतरायला उशीर झाला तर काळजी करू नका, हातमोजे घाला आणि बोटीवर या.