शेजारीण तासावर

लातूर, चैत्रातला शनिवार, दिवेलागण

पहिलं बाळंतपण माहेरातच व्हायचं, त्यात विचारायचं काय? पण अमेरिकेतून माझी नात सुजाता फोनवर म्हणते, "अज्जी, मी येत नाही, तूच ये." सवा महिना अंगाला लावायला, लेकराला न्हाऊ घालायला तिथं बाई ठेवली तर नवऱ्याचा अर्धा पगार जातो म्हणे. उरलेला अर्धा घरभाड्याला. मी म्हणाले, "शेजारीण बसंल की घटकाभर." तर हसली. "अज्जी, इथं शेजारीणसुद्धा तासावर पैसे घेते."

तासावर! पगार लाखात, गाव आपल्या लातूरएवढंच, आणि बाळंतिणीपाशी बसायला माणूस परवडत न्हाई. मग ही लोकं गरीब का श्रीमंत? मला काही उमगंना.

हितं आली असती तर गल्लीतल्या बाया फुकट आल्या असत्या, नको म्हटलं तरी. पण या दुष्काळात टँकर दहा दिवसांनी येतो. लातूर जिल्हा झाला तवा पुढारी म्हणाले होते, आता रोज नळ येईल. बाळंतिणीच्या न्हाणीला दोन बादल्या कढत पाणी रोज कुठून आणू? तिच्याकडं पाणी चोवीस तास हाय. आणि शेजारीण तासावर.

माझं तिकीट काढते म्हणाली. तेवढ्या पैशात बाई मिळत न्हाई का? का मी स्वस्त पडते म्हणून बोलवायलेत? हे विचारायचंच राहिलं.

याचं उत्तर उद्याच्या फोनवर नातजावयानं स्वतः द्यावं. सुजातानं मधे बोलायचं न्हाई, आणि तिच्या बापानं, माझ्या लेकानं, तर तोंडच उघडायचं न्हाई.