खाली ठेवून पुन्हा उचललेले दोन आकडे

३ ऑगस्ट, गोरेगाव
चोरखमारा तलावावरचं आमचं पाणीमापक आजही चुकलं. यंत्र पाण्यावर आवाज सोडतं, प्रतिध्वनीचे नमुने तपासून पातळी काढतं. मधलेच नमुने सुटून जातात. माझा प्रोग्रॅम वेगात पुरत नाही. साहेब पुण्याहून फोनवर : "शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर हे काम बंद." मोठी चिप टाकली तर बॅटरी टिकायची नाही.

४ ऑग.
आठ वर्षं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. कंपायलर त्याचं यंत्रभाषेत काय करतो ते आज पहिल्यांदा उघडून पाहिलं. अफाट! संथ भागाकाराच्या जागी त्याने झटपट होणारा गुणाकार घातलाय, मी न सांगता. उत्तर तंतोतंत तेच. जेवायचं राहिलं.

५ ऑग.
सापडलं बहुतेक. नमुन्याचे दोन आकडे, वेळ आणि आवाजाचा जोर, मी एका छोट्या स्ट्रक्चरमध्ये बांधून फंक्शनला देते. ते रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हातातच येतात. तरी कंपायलर ते आधी मेमरीत लिहायला लावतो, लगेच तिथूनच परत वाचायला! दर नमुन्याला. इतका हुशार, आणि इथे असं...
बाबा चहा घेऊन आले. "काऊन वं, अशी टक लावून का पाहून राहिली?" सांगितलं. "हातात आहे तं खाली कायले ठेवते?"
तेच तर.

६ ऑग.
स्ट्रक्चर काढलं, आकडे सुटे दिले. त्याच चिपवर सगळे नमुने वेळेत बसले!! बाबांसोबत मोटरसायकलने तलावावर. बाबांनी नोकरीभर तिथलं गेट सांभाळलं. त्यांनी काठावरची पट्टी वाचली, मी फोनवर यंत्राचा आकडा. फरक शून्य. बाबांनी पट्टी परत एकदा वाचली. मग, "बराबर आहे." साहेबांना कळवलं. काम चालू.

८ ऑग.
कंपायलर बनवणाऱ्यांच्या तक्रारींच्या यादीत शोधलं. हीच तक्रार कुणीतरी मी शाळेत असताना नोंदवलेली! खाली वर्षानुवर्षांची उत्तरं. कंपायलर अगदी सुरुवातीलाच स्ट्रक्चरला मेमरीतली वस्तू ठरवतो, पुढच्या पायऱ्यांना ते मोडता येत नाही. एकाने तीनदा दुरुस्ती केली, तीनदा मागे घेतली. दरवेळी दुसरीकडे काहीतरी बिघडलं. आता चौथ्यांदा करायला बसलाय. कुठला, कोण, माहीत नाही.

११ ऑग.
हीच चूक दाखवणारं माझं सात ओळींचं उदाहरण मी तिथे टाकलं होतं. त्याच माणसाचं उत्तर : "इतकं छोटं कुणी दिलं नव्हतं. यावरून पाहतो."
माझ्या सात ओळी!
बाबा : "मंग, सुधरवतीन का?"
"माहीत नाही, बाबा."
तक्रारीपुढे अजून 'उघडी' असंच आहे. दुरुस्तीचा मसुदा आला तर माझ्या चिपवर चालवून बघीन, एवढं लिहून टाकलं.