पुढे म्हणजे कुठे

प्रिय धाकट्या,

बस सुरू झाली. पत्र अर्धवट वाचून बाजूला ठेवायची तुझी सवय माहीत आहे, म्हणून मोठी बातमी आधी सांगून टाकली. काल सकाळी ती दोनदा खोकली, एकदा शिंकली, टपावरच्या चिमण्या तिने उडवून लावल्या आणि मग अशी काही धडधडायला लागली की शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून बाहेर धावत आला. कोणाचा तरी शर्ट जळला. तुझ्या भावोजींनी भरपाई म्हणून स्वतःचा एक शर्ट देऊ केला, तर तो म्हणाला, साहेब, तुमच्या एका शर्टात माझी दोन गिऱ्हाइकं मावतील. सगळे हसत होते. मी स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिले. 

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी बसचा ब उच्चारला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. बाबा गेल्यावर बस आपल्या दोघांच्या नावावर आली, तेव्हा तू एवढंच म्हणाला होतास, ताई, भंगारात दे, मला विचारूही नकोस. मी म्हटलं, वर्षभर मला दे, मग दोघं मिळून ठरवू. तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. नेटवर्क गेलं. आता ते वर्ष संपत आलंय आणि आई वेगळंच धरून बसली आहे. तिला बसने समुद्रापर्यंत जायचंय, आणि तू बरोबर असल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं तिने मला बजावून सांगितलंय. म्हणजे एकाला बस मोडायची आहे, एकीला त्याच्यासोबत तिच्यातून फिरायचंय, आणि मधल्या मधे ग्रीसने माखलेली मी.

ताडपत्री काढली त्या दिवशी मला वाटलं होतं, तुझंच खरं करावं. डाव्या अंगाचा खालचा पत्रा बोट लावलं तरी पापडासारखा मोडत होता. उंदरांनी गाद्यांमधला कापूस उपसून ड्रायव्हरच्या सीटखाली त्यांचा संसार थाटला होता. बॅटरीच्या जागी हिरवट पांढरी माती, टायर एका बाजूने चपटे, आणि आतला तो जुना वास, डिझेल, रेक्झिन आणि बंद कपाटाचा. पण बाबांनी केलेली लाकडी कपाटं जशीच्या तशी. एक दार वाकडं नाही. बस बांधायच्या कारखान्यात माणसाने उमेदीची वर्षं घालवली की त्याच्या हाताला काटकोन आपोआप कळत असावा. मोडीत निघालेली ती बस त्यांनी कारखान्याकडून मागून घेतली, सीट उपटल्या, बिछाने बसवले, ओटा केला, पाण्याची टाकी टपावर चढवली. बाजूचं दार बंद करून मागच्या अंगाला नवं दार कापलं, कारण उतरल्यावर समोर रस्ता नको, झाडं दिसायला हवीत, असा आईचा हट्ट होता. एका दारासाठी अख्खी मागची चौकट बदलली आणि कामावर मित्रांना सांगितलं की हवा खेळती राहावी म्हणून केलं.

पत्र्याचं काम मी बाहेरून करून घेतलं. बाकीचं जमेल तसं माझं मी. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासणाऱ्या बाईला खिडक्यांच्या चौकटी घासायला वेगळं शिकावं लागत नाही, फक्त तोंड मोठं असतं. इंजिनासाठी मेकॅनिक मिळाला, त्याला आम्ही येतोच म्हणतो. फोन केला की तो येतोच म्हणतो, आणि मग आपण त्याला विसरून दुसऱ्या कामाला लागलो की उगवतो. कामाला मात्र चोख. डिझेलची टाकी खाली उतरवून धुतली, पंप उघडला, रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. एका भागासाठी तर तो गावोगावच्या भंगारवाल्यांकडे हिंडला आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्यातरी ट्रकचा भाग घासूनपुसून बसवला. बसणार का हो, मी विचारलं. तर म्हणाला, ताई, पन्नाशीनंतर कोणाचं काय कोणाला बसत नाही, बसवून घ्यायचं असतं. भावोजी तेव्हापासून हे वाक्य मला दिवसातून एकदा तरी ऐकवतात. आता दर रविवारी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं ठरवलंय, टायर फळ्यांवर चढवलेत, पाणी तेल बघते. माणूस आजारातून उठल्यावर पथ्य असतं ना, तसं.

हँडब्रेक उघडला तेव्हा मात्र येतोचनेसुद्धा कपाळाला हात लावला. आतले लायनर, म्हणजे चाक दाबून धरणारे पट्टे, झिजून नुसतं लोखंड उरलं होतं. हा ब्रेक नव्हताच, म्हणाला, ही नुसती समजूत होती. सपाटीवर चालून जात असेल, उतारावर गाडीला चाकाखालच्या ठोकळ्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

ठोकळा या शब्दाशी आलास की तू पान उलटशील, पण थांब. मला तो दिवस एकदा सरळ लिहून काढू दे, कारण आपल्या घरात तो कधीच कोणी सरळ सांगितला नाही. बाबांनी बस उतारावर उभी केली, तोंड खाली. पाण्याचा नळ वरच्या बाजूला होता आणि दार नळाकडे हवं म्हणून. तू नऊ वर्षांचा, आणि ठोकळा लावायचं काम तुझं, त्याचा तुला केवढा तोरा! बस थांबते न थांबते तोच तू उडी मारून खाली उतरायचास. बाबांनी ड्रायव्हरच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, पुढे ठोकळा लाव रे! मग ते आणि मी कॅन घेऊन नळाकडे गेलो. आई आत ओट्याशी. कॅन अर्धासुद्धा भरला नव्हता, तेवढ्यात बस उतरायला लागली, अगदी सावकाश, कोणी बोलावल्यासारखी. खालच्या दगडी बांधाला जाऊन आदळली. आईच्या कोपराचा चुरा झाला. बाबा धावत पोहोचले ते पुढच्या चाकांशी वाकले, तिथे काही नव्हतं, आणि त्यांनी तुला विचारलं, ठोकळा लावला होतास का? तू म्हणालास, लावला होता. मग गेला कुठे, खोटं बोलू नकोस. एवढंच. तुझ्यावर हात उचलला नाही, पुन्हा तो विषय काढला नाही. ट्रकने ओढून बस घरी आणली, त्यांनी ताडपत्री टाकली आणि संपलं.

संपलं कसलं म्हणा. घरात एक म्हण होऊन बसली. तू डबा विसरलास, छत्री विसरलास की काका, मावशी, सगळेच म्हणायचे, हा बघा, ठोकळा विसरला. तूही हसायचास. पुढे तूच स्वतःला ते म्हणायला लागलास. गाडी चालवायला शिकला नाहीस, घराच्या किल्ल्या कायम बायकोकडे, गॅस बंद आहे का हे तीन तीनदा उठून बघणं, हे सगळं तुझी बायको मला हसत हसत सांगते. मला त्यात हसू येत नाही. आता तुमच्याकडे बाळ येणार आणि तू तिला म्हणालास म्हणे, मी त्याला एकटा सांभाळणार नाही, माझ्या भरवशावर काही सोडू नकोस.

तर आता गेल्या रविवारचं ऐक. आईला पहिल्यांदा बसमध्ये चढवलं. बिछान्यावर बसून तिने राज्यकारभार सुरू केला. हे इथे नको, ते तिथे का, पडदा कसला हा, शाळेच्या स्टेजचा आणलास की काय. मग म्हणाली, पुढची खिडकी लागत नाहीये, वारा येतोय, बघ जरा. मी ड्रायव्हरच्या सीटपाशी गेले, दोन्ही काचा बघितल्या, रबर दाबून बघितलं, सगळं घट्ट. म्हटलं, आई, इथे काही नाही. तर म्हणाली, अगं तिकडे कुठे मरायला गेलीस, पुढची म्हणतेय मी, पुढची! मी म्हटलं, पुढेच तर उभी आहे. तर कपाळावर हात मारून म्हणाली, पुढे म्हणजे दाराकडे! कुठल्या घरात पुढचं अंगण स्वयंपाकघरामागे असतं?

आणि मला आठवलं. तुला आठवतंय का रे? बाबांचा नियम. इंजिन चालू तर गाडी, इंजिन बंद तर घर. गाडीचं पुढे म्हणजे ड्रायव्हर. घराचं पुढे म्हणजे मागचं दार. प्रवासात पुढे जाऊन बस म्हटलं की बाबांशेजारी, आणि मुक्कामाला पुढे जाऊन खेळ म्हटलं की मागच्या पायरीवर. पाहुण्यांची त्रेधा उडायची. एक मावशी तर चप्पल शोधत बसभोवती दोन फेऱ्या मारून आली होती. आपल्याला कधी अडलं नाही, आपण कानानेच ओळखायचो, इंजिन ऐकू येतंय की नाही. आई आणि मी इतक्या हसलो की भावोजी बघायला आले. आणि हसता हसता माझं हसू गेलं. मी खाली उतरून चाकांकडे बघत उभी राहिले. बाबा ओरडले तेव्हा त्यांचा पाय अजून पेडलवर होता, त्यांच्यासाठी ती गाडीच होती. तू दारातून उडी मारली होतीस, इंजिन बंद होत होतं, तुझ्या पायाखाली जमीन आली होती. हुकूम गाडीतून सुटला आणि घरात पोहोचला.

मी वर येऊन आईला विचारलं, त्या दिवशी तो कुठे होता गं? कसलाही विचार न करता म्हणाली, कुठे म्हणजे, दाराच्या पायरीखाली. भाजी धुतलेलं पाणी मी बाहेर भिरकावलं, ते सगळं त्याच्या पाठीवर. केवढा ओरडला! म्हटलं, तिथे खाली काय शोधतोयस, तर म्हणाला, ठोकळा लावतोय, दिसत नाही का? मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, आई, मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस? तिला माझा प्रश्नच कळेना. काय बोलायचं होतं? तुम्ही सगळे म्हणायचात ठोकळा विसरला, ते खरंच होतं की. तिथेच टाकून आला ना तो! बाबांनी सागाचा केला होता, चांगला होता. धाकट्या, आपण सगळे एकच वाक्य बोलत होतो आणि ती दुसरंच ऐकत होती. तिला वाटायचं, ठोकळा तिथे राहिला म्हणून पोराला चिडवतात. दवाखान्यातून ती परत आली तेव्हा बस झाकलेली होती आणि बाबा गप्प झाले होते. कोणी तिला काही विचारलंच नाही. नंतर मी तिला सगळं समजावून सांगितलं, तशी ती आपलं वाकडं कोपर चोळत राहिली. मग म्हणाली, दवाखान्यात माझ्या खाटेशी हा ओल्या सदऱ्याने कुडकुडत उभा होता. पाठीला भाजीची पानं चिकटलेली. मला तेवढं दिसत होतं आणि हात उचलून काढता येत नव्हती.

म्हणून हे पत्र. बस सुरू झाली हे निमित्त. तू ठोकळा लावला होतास, दाराकडून, मागच्या चाकांच्या मागे, आणि बस त्याला तिथेच सोडून उतारावर निघून गेली. सांगितलं तिथे, सांगितलं तसा, घट्ट लावला होतास, आणि खरं बोलला होतास. चूक बाबांचीही नव्हती, त्यांनी त्यांच्या पुढे सांगितलं, तू तुझ्या पुढे लावलास. ते असते तर मी त्यांनाही हेच लिहिलं असतं; तेवढी एक चुटपुट मला राहील. बाकी रविवारपासून मला इतकं हलकं वाटतंय की कवळ्या घासतानाही गुणगुणते आणि लोक घाबरतात. आता बसचं तू ठरव. भंगारात द्यायची असेल तर मनापासून सांगते, दे, मी हसत सही करीन, तिने तिचं काम केलं. फिरायला न्यायची असेल तर बायकोला विचारून ये, रस्ता सांभाळून नेऊ. आईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते, कारण ती शेजारी बसून मी काय लिहिते ते बघतेय: त्याला म्हणावं, घरी येतो तेव्हा माझ्या या वाकड्या हाताकडे सोडून बाकी सगळीकडे बघतो. बाळाला घेऊन येशील तेव्हा आधी याच हातात दे. सरळ होत नाही तो, बाळ धरायला तसाच लागतो.

सदैव तुझीच,
ताई