निखळलेला खांदा आणि अकरा नंबरचा झेंडा

५ ऑक्टोबर, रविवार
डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, हात स्लिंगमध्ये घातला.
क्लबात भलतंच पसरायच्या आत खरं काय ते नोंदवून ठेवतो. आमचा खेळ ओरिएंटियरिंग. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात लावलेले नारिंगी-पांढरे झेंडे नंबराप्रमाणे शोधायचे, प्रत्येकापाशी टांगलेल्या पंचने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पळत परत यायचं. डोकं लागतं, त्यामुळे बऱ्याच जणांना जमत नाही. मी पूर्ण वेगात उतारावर होतो, नजर नकाशावर. तोल गेला. उतार पार्किंगचा होता आणि स्पर्धा सुरू व्हायला वीस मिनिटं होती, हे तपशील गौण आहेत.

७ ऑक्टोबर
तीन आठवडे स्लिंग, मग व्यायाम. डॉक्टरांना म्हटलं, सात डिसेंबरला क्लबची मुख्य स्पर्धा आहे, नकाशा वाचायचाय. म्हणाले, खांद्याने वाचत नसाल तर वाचा की. डॉक्टरकीत विनोद शिकवत नाहीत. त्यांनी करूही नयेत.
संकल्प: रोज एक तास नकाशे. रोज. सात डिसेंबरला पळणार म्हणजे पळणार.

१२ ऑक्टोबर, रविवार
नकाशे: शून्य तास. मान अवघडते.
मेव्हणा आला होता. जोडीच्या गटात तो माझा जोडीदार. हा माणूस या खेळात चालतो. थर्मास घेऊन. वाटेत पक्षी बघतो. सगळे झेंडे सापडतात त्याला, पण हळू गेलं तर कुणालाही सापडतील.
म्हणाला, या वर्षी ताईला, म्हणजे आमच्या हिला, घेऊन जातो. मला हसू आलं. हिला नकाशा धरता येत नाही. उत्तर दिशा वर ठेवायची सोडून जिकडे तोंड वळेल तिकडे नकाशा फिरवत बसते. मेव्हणा म्हणाला, तसंच धरायचं असतं. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला हे ऐकावं लागतं.

२८ ऑक्टोबर
स्लिंग निघाली. फिजिओथेरपिस्ट माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, दिवसातून तीनदा. एवढंच. मी पाचदा करणार.

३० ऑक्टोबर
एकदा केला. पण मनापासून.

४ नोव्हेंबर
सहामाहीचे पेपर तपासले. त्यातही खांदा हलतोच. व्यायाम वेगळा धरायची गरज नाही.

११ नोव्हेंबर
फिजिओने विचारलं, व्यायाम चालू आहे ना. म्हटलं, नियमित. तिने माझा हात धरून वर नेला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावर बाहेरच्या बाकावरचा पेशंट उठून घरी गेला. ती म्हणाली, काका, खांदा खोटं बोलत नाही. हल्लीच्या पिढीला बोलायची पद्धत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
बहीण-भाऊ सरावाला जाऊन आले. दहापैकी दहा झेंडे. जेवताना ही टेकडीच्या सोंडा आणि नाले यांवर बोलत होती, जणू तिनेच खोदले. मी सांगितलं, सोपा नकाशा असेल. तिने आणखी भात वाढून घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. खांदा असा, तर यंदा पळू नका; आदल्या दिवशी झेंडे लावाल का? मी लगेच मोठेपणा दाखवला. एरवी चौसष्ट जण नकाशा वाचतात, या वेळी ते मला वाचतील. नियम असा की दुसऱ्या कुणीतरी प्रत्येक झेंडा तपासून सही करायची. मला तपासणार कोण, हा प्रश्न मी फोनवर विचारला नाही.

६ डिसेंबर, शनिवार
बाराही झेंडे लावले. मोबाईलवर जागा बघून लावणारे लावोत, मला होकायंत्र पुरतं. अकरा नंबर नाल्याच्या वळणावर, छान झुडपात. फॉर्मवर तपासनिसाची सही हवी होती. ती डाव्या हाताने केली. ऑक्टोबरपासूनच्या सरावाने माझं ते अक्षर अगदी परक्याचं दिसतं.

७ डिसेंबर, रविवार
साडेनऊला सुरुवात. अकरापर्यंत एकही माणूस अकरा नंबर घेऊन आला नाही. मी शेवटच्या रेषेजवळ खुर्चीत. एकेक जण अंगभर ओरखडे घेऊन, घामेजून येत होता आणि झेंडाच नाही म्हणत होता. सत्तर वर्षांचे आमचे जुने चॅम्पियन तासभर त्या नाल्यात हिंडले, पाय मुरगळून परत आले. मी त्यांना नकाशा नीट वाचावा असं सुचवलं.
पावणेबाराला ही आणि मेव्हणा आले. कार्डावर बारा पंच. सेक्रेटरींनी विचारलं, कसा सापडला. ही म्हणाली, जागेवर नव्हता, तेव्हा मी उभी राहून विचार केला, हे कुठे चुकले असतील. नाले दोन आहेत. ह्यांना पहिला दिसला की ह्यांचं समाधान होतं, दुसरा मोजत नाहीत. एकोणीस वर्षं बघतेय. मग पहिल्या नाल्यावर गेले, तिथे होता.
लोक हसले. चॅम्पियन हसले नाहीत, पाय बर्फात होता त्यांचा. सेक्रेटरींनी फॉर्म काढून विचारलं, ही दुसरी सही कुणाची. म्हटलं, एका सहकाऱ्याची. कोणत्या? मला आठवेना. हिने फॉर्म हातात घेतला, सही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म घडी करून परत दिला.
अकरा नंबर सर्वांसाठी रद्द. जोडीच्या गटात तरीही तीच दोघं पहिली.

९ डिसेंबर
सेक्रेटरी म्हणाले, वर्षभर विश्रांती घ्या. म्हटलं, खांद्यासाठी तशी हवीच होती. पुढच्या मोसमाचे झेंडे ही लावणार. तुम्हाला राग येईल का, असं तिने विचारलं. रागवायला मला वेळ नाही, म्हटलं. बरं, म्हणाली आणि चॅम्पियनांच्या पायाची चौकशी करायला निघाली. तुम्हीही चला, म्हणाली. मला पेपर होते. पेपर गेल्या महिन्यातच संपलेत.

१४ डिसेंबर, रविवार
ही क्लबात. मी एकट्याने नवा अध्याय सुरू करायचं ठरवलं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जॉगिंगचा टी-शर्ट चढवायला घेतला. उजवा हात खांद्याशी अडकला, डावा कुठूनतरी भलतीकडून निघाला, डोकं आत. ओढावं तर खांद्यातून कळ.
नऊला बेल वाजली. दार कोणत्या बाजूला ते कळेना. दोनदा कपाटावर आपटलो. शेवटी आतूनच ओरडून सांगितलं की घरी कुणी नाही.
साडेअकराला ही आली. हसली नाही. वाका म्हणाली, वाकलो. डोकं बाहीत घातलं होतंत, म्हणाली, आणि काढलं. किती वेळ असे आहात, विचारलं.
आत्ताच, मी म्हटलं.