वाटीभर मोहरी

३ फेब्रुवारी
पुतणीच्या शाळेत प्रदर्शन आहे. तिचा विषय : साधी स्फोटकं आणि अणुबॉम्ब, ताकदीची तुलना. बाईंनी नेटवरून माहिती काढायला सांगितलंय. बावीस वर्षं खाणीत सुरुंग उडवलेला काका घरात असताना नेट कशाला? प्रोजेक्ट ताब्यात घेतला. पहिला नंबर आलाच म्हणून समजायचं.

४ फेब्रुवारी, सकाळ
आयडिया! मोहरीचा एक दाणा म्हणजे जिलेटिनची एक कांडी. एकीकडे आमच्या खाणीचा ढीग, दुसरीकडे बॉम्बचा. एकोणीस-वीसचा फरक निघेल. शेवटी स्फोट तो स्फोट.

४ फेब्रुवारी, दुपार
पुतणीने आकडा काढला. शहरावर पडलेला पहिला बॉम्ब पंधरा हजार टन स्फोटकांच्या ताकदीचा. कांडी सव्वाशे ग्रॅमची. म्हणजे बारा कोटी दाणे. वाणी म्हणाला, पोतीच्या पोती लागतील, हॉटेल काढताय का? स्केल बदलावं लागणार. चूक माझी नाही, बॉम्बची आहे.

६ फेब्रुवारी
नवं स्केल : एक दाणा, एक टन. पंधरा हजार दाणे स्वतः मोजायचा निश्चय. तीनशेला शिंक आली. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पुतणीने हजार दाणे तोलले आणि त्या हिशोबाने वाटी भरून दिली. मला शॉर्टकट आवडत नाहीत, पण मुलीचं मन मोडवेना. एरवी मोजण्यात माझा हात कोणी धरत नाही.

७ फेब्रुवारी
खाणीची बाजू. माझी बावीस वर्षं, सुट्ट्या वजा. ऐंशी टनसुद्धा होईनात. अख्खा डोंगर सपाट केला मी, आणि हाताला लागली चिमूट. पुतणी म्हणते, नंतरच्या एकेका बॉम्बला वाटी नाही, डबा लागेल. शिवाय हे फक्त धक्क्याचं. आग वेगळी, किरण वेगळे, लोक पुढे कित्येक वर्षं मरत राहिले. सांगितलं, ते मोहरीत बसत नाही.

९ फेब्रुवारी
पुतणीने विचारलं, बाबांचा दाणा कुठला?
धाकटा माझ्याच हाताखाली होता. चार वर्षांपूर्वी सुरुंगाचं एक भोक न उडता राहिलं. सगळं ठीक आहे, अशी शिट्टी झाली आणि त्याने तिथे पहार घातली. एक किलो माल. म्हणजे दाण्याचा हजारावा भाग. तिला म्हटलं, बाळ, एवढा बारीक दाणा नसतो. बरं वाटलं. ती गोष्ट इतकी लहान कधी दिसलीच नव्हती.
नोंद : त्या दिवशी भोकं बारा. आवाज बारा. शेवटचे दोन एकदम झाले. चौकशीत हेच लिहून दिलंय. शिट्टी नियमानेच वाजवली.

१२ फेब्रुवारी, प्रदर्शन
नंबर नाही. लोक वाटी बघायचे, डबा बघायचे, बापरे म्हणून पुढे जायचे. थांबायचे ते रिकाम्या बशीपाशी. ती पुतणीने मला न विचारता मधे ठेवलेली. चिठ्ठी : 'एक किलो. माझे बाबा.' मी समजावत होतो, स्केलमध्ये हे शून्यच धरतात.
एका पालकाने विचारलं, भोक उडालं नाही हे कळतं कसं? सांगितलं, आवाज मोजायचे, एक जरी कमी भरला तर अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. मोजण्यात माझी कधी चूक झालेली नाही. धाकट्याची बायको मागेच उभी होती.
आवरताना डबा माझ्याच हातून सांडला. दोघं खाली बसून दाणे गोळा करत होतो. ती हळूच म्हणाली, भाऊजी, तेव्हा रोज दुपारी कपडे वाळत घालताना मीही मोजायची. आज किती भोकं, ते हे सकाळी सांगून जायचे. त्या दिवशी अकरा झाले. दोरीपाशीच उभी राहिले. बारावा पाव तासाने आला. तो ऐकला आणि निश्चिंत होऊन ताट वाढायला घेतलं.
मी दाणे वेचत राहिलो.

१३ फेब्रुवारी
मीही अकराच मोजले होते. ऊन फार होतं. अर्धा तास थांबायचा कंटाळा आला, म्हणून शिट्टी वाजवली.